बंद पडलेल्या पूल पार्लरचं टेबल उचलायचंय? मग हे वाचून जा

कॉलेजात असताना जिथे पडीक असायचो ते पूल पार्लर (पूल म्हणजे स्टिकने बॉल टेबलाच्या भोकांत, पॉकेटांत, घालायचा खेळ) बंद होतंय आणि टेबलं विकायला काढलीयेत, असा मेसेज कुठल्यातरी ग्रुपवर येतो, आणि पाच मिनिटांत कुणीतरी लिहितं "घेऊया का रे?" आमच्याकडे ते लिहिणारा मीच होतो. त्यामुळे आता जे सांगतोय ते सगळं ठेच लागून कळलेलं आहे, तुम्ही तरी फुकटात शिका.

आमचं पार्लर डोंबिवली ईस्टला एका बिल्डिंगच्या बेसमेंटला. दोन पूलची टेबलं, एक स्नूकरचं, तासाला ऐंशी रुपये आणि हरेल तो टेबलचे पैसे देणार. २००५-०६ चा काळ, लोडशेडिंग जोरात. लाइट गेली की पहिला ओरडा "बॉलला हात लावू नका!" आणि मग टेबलं सांभाळणारे मार्करकाका टॉर्च घेऊन टेबलापाशी उभे राहायचे, इन्व्हर्टर चालू होईपर्यंत, कारण अंधारात कुणाचा तरी बॉल पॉकेटकडे सरकतोच. हे एवढ्यासाठी सांगितलं की तुम्ही टेबल बघायला जाल तेव्हा हेच सगळं डोक्यात घेऊन जाल आणि भावनेच्या भरात काहीही उचलून आणाल. तसं करू नका.

पहिलं काम पार्लरमध्ये नाही, घरी. टेप घ्या आणि जागा मोजा. लोक टेबलाची साइज मोजतात आणि तिथेच फसतात, मोजायचं असतं स्टिकसकट. स्टिक साधारण ५८ इंचाची असते आणि ती टेबलाच्या चारही बाजूंना मागे खेचता आली पाहिजे. आठ फुटी टेबलाची खेळायची जागा ८८ बाय ४४ इंच, त्यात दोन्हीकडून ५८ मिळवा, म्हणजे खोली निदान १७ फूट बाय १३ फूट ४ इंच लागते. सात फुटीला १६ फूट २ इंच बाय १२ फूट ११ इंच. नऊ फुटीला १८ बाय जवळपास १४. आता तुमचा हॉल आठवा, त्यातून सोफा वजा करा, आणि गप्प बसा. आमच्यापैकी कुणाच्याच घरात बसत नव्हतं. शेवटी एकाच्या सोसायटीत खाली एक खोली होती जिच्यात गणपतीचं मखर आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असायच्या, ती कमिटीच्या दोन मीटिंगा आणि "रात्री दहानंतर आवाज नाही" या अटीवर मिळाली. स्नूकरच्या बारा फुटी टेबलाच्या वाटेला तर जाऊच नका, ते टनाच्या वर जातं आणि त्याची खरी जागा जिमखान्यात.

मग टेबल बघायला जा, शक्यतो दिवसा. आधी खाली वाका आणि बुड बघा. स्लेट म्हणजे खरा दगड आहे की एमडीएफचा बोर्ड, हे खालून लगेच कळतं, दगड राखाडी आणि हाताला थंड लागतो, बोटाने ठोकलं तर पोकळ वाजत नाही. बोर्ड असेल तर नमस्कार करून निघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात तो फुगून वाकलेलाच असणार. कापड फाटलंय, ब्रेकच्या, म्हणजे पहिल्या शॉटच्या, जागी पांढरं पडलंय, कुणाच्या सिगरेटने भोक पडलंय, याकडे बघू नका, ते तसंही बदलायचंय. बघायचं ते रबर. कुशनवर, म्हणजे टेबलाच्या कडेच्या आतल्या रबरी पट्टीवर, अंगठा दाबा, दगडासारखं कडक झालं असेल तर ते मेलं. एका टोकाहून जोरात बॉल मारा, तो निदान तीन-चारदा टेबलाची लांबी पार करायला हवा. दुसऱ्याच फेरीत दमून थांबला आणि कुशनला लागताना "थड्" असा ओला आवाज आला तर रबर बदलायचा खर्च धरा आणि तेवढे पैसे भावातून कापा.

बॉल सोबत मिळत असतील तर प्रत्येक हातात घेऊन फिरवा. पूलचा बॉल सव्वादोन इंचाचा, म्हणजे ५७ मिलिमीटर, वजन १५६ ते १७० ग्रॅममध्ये. पार्लरमध्ये वर्षानुवर्षं हरवलेल्या बॉलच्या जागी दुसऱ्या सेटमधले घुसवलेले असतात, किचनच्या वजनकाट्यावर टाकलं की सगळं उघडं पडतं. आमचा पांढरा, म्हणजे स्टिकने मारायचा बॉल, बाकीच्यांपेक्षा हलका निघाला, म्हणजे इतकी वर्षं आमचा स्क्रू शॉट, म्हणजे धडकून पांढरा मागे फिरतो तो, जो भारी बसायचा तो कशामुळे ते कळलं. थोडं वाईट वाटलं.

आता उचलणं. इथे कंजूसपणा केलात तर संपलात. एक इंच जाड स्लेटचा एक चौरस फूट साधारण साडेसहा किलो भरतो, आठ फुटी टेबलाची नुसती स्लेट सव्वादोनशे किलोच्या आसपास जाते. बहुतेक वेळा ती तीन तुकड्यांत असते, नशीब. पण एक तुकडा म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर किलो, चार माणसं लागतात, आणि तुकडा कायम उभा न्यायचा, काच नेतात तसा. आडवा धरलात की मध्ये तडकतो. लिफ्टच्या भानगडीत पडू नका. टेम्पोत खाली गाद्या आणि मध्ये गोधड्या, आणि ड्रायव्हरला स्पीड ब्रेकरबद्दल आधीच हात जोडा. मला टेबल जेवढ्याला पडलं त्याच्या दीडपट पैसे ते उचलायला आणि बसवायला गेले, हे घरी अजून माहीत नाही.

खोलण्याआधी फोटो काढा, वरून, खालून, प्रत्येक कोपऱ्याचा. आणि प्रत्येक भागावर खडूने किंवा मार्करने खूण करा, कोणती कुशन कुठल्या बाजूची, कोणता दगड कुठला. लोक ए-बी-सी लिहितात. आम्ही पॉकेटांची नावं लिहिली. आमच्या टेबलाच्या सहा पॉकेटांना नावं होती ना, काउंटरचं, कूलरचं, जिन्याचं, आरशाचं, बाथरूमचं आणि एक नुसतं कोपऱ्यातलं. ब्लॅक, म्हणजे शेवटचा काळा बॉल, कुठे घालणार ते आधी सांगायला लागायचं, तेव्हा "राइट कॉर्नर" वगैरे कुणी म्हणायचं नाही, "बाथरूम" म्हणायचं आणि वाकायचं. नवीन खोलीत ना कूलर आहे ना बाथरूम, पण जोडताना एकही तुकडा चुकला नाही. तुमच्या पार्लरचीही अशी नावं असतील तर तीच लिहा.

जोडायला टेबल फिटरच बोलवा. सुतार चांगला असेल तरी नको, त्याला लाकूड कळतं, दगड कळत नाही. पण फिटर काय करतो ते शेजारी उभं राहून बघा, कारण इथेच सगळा खेळ आहे. आधी नुसता सांगाडा पाणसळ लावून सरळ करायचा, फरशी कधीच सरळ नसते. मग तिन्ही दगड ठेवून प्रत्येकाची लेव्हल वेगळी काढायची, लांबीत, रुंदीत आणि तिरकी. जिथे खाली जातंय तिथे दगडाखाली पातळ पाचर, आमच्या फिटरने तर पत्त्यांच्या कॅटमधले पत्ते सारले, चौकटचा सत्ता अजून त्या कोपऱ्याखाली आहे. दोन दगडांच्या सांध्यावरून नख फिरवायचं, नख अडलं तर बॉलही अडणार. सांधा जुळला की त्यात मेण वितळवून ओततात, गार झालं की पात्याने खरवडून सपाट करतात. मेण का, तर पुढे कधी टेबल हलवायचं झालं तर सहज निघतं. त्यावर कापड, मग कुशन. कुशनचं नाक बॉलच्या मध्याच्या किंचित वर लागलं पाहिजे, ५७ च्या बॉलला साधारण ३६ मिलिमीटरवर. खाली राहिलं तर बॉल उडतो, वर गेलं तर बॉल दाबला जातो. महिन्याभराने लेव्हल परत तपासून घ्यायची, टेबल बसतं, हे फिटर गेल्यावर आठवतं म्हणून पैसे देतानाच सांगून ठेवा.

कापडाचं एक. आमच्या पार्लरमध्ये पूलवरही स्नूकरचं लव असलेलं कापड होतं, त्यावर बॉल हळू जायचा आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर चिखलातून गेल्यासारखा. दुकानदार बिनलवेचं फास्ट कापड गळ्यात मारेल, ते चांगलंच आहे, पण तुमचा हात जुन्या स्पीडवर बसलाय हे लक्षात ठेवा, पहिले दोन आठवडे पांढरा प्रत्येक शॉटला पॉकेटमध्ये जाईल. लवेचं घेतलंत तर ब्रश कायम एकाच दिशेने, ब्रेकच्या बाजूकडून पलीकडे, उलटा कधीच नाही. मार्करकाका रोज सकाळी शटर अर्धं उघडून हेच करायचे आणि ते चालू असताना कुणी टेबलावर हात टेकला तर विल्सन जोन्स काढायचे, की हा पुण्यात जन्मलेला माणूस १९५८ ला कलकत्त्यात बिलियर्ड्सचा वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि तुम्हाला समोरचा ब्लॅक जात नाही, वर कापड मळवता. टाल्कम पावडरचा डबा मात्र आठवणीसाठीही ठेवू नका, एका संध्याकाळीत सगळं कापड पांढरं होतं. हाताला घाम येत असेल तर तीन बोटांचं ग्लोव्ह घ्या.

लाइट विसरू नका, सगळेच विसरतात. खोलीचा ट्यूबलाइट चालणार नाही, स्टिकची सावली नेमकी बॉलवर पडते. टेबलाच्या वरच, लांबीत, शेड असलेले दिवे, कापडापासून निदान चाळीस इंच उंच, म्हणजे वाकताना डोकं आपटत नाही आणि डोळ्यात उजेड येत नाही. बाकी खोली अंधारीच ठेवा. आम्ही हे दिवे लावले त्या संध्याकाळी कुणीच खेळायला घाई केली नाही, सगळे नुसते हिरव्या कापडाकडे बघत कडेला उभे होते, बारक्या आवाजात बोलत होते, बेसमेंटमध्ये उभे असायचो तसेच.

नियम जुनेच ठेवा. हरेल तो डब्यात वीस रुपये टाकणार, आमचं पुढचं कापड त्यातूनच येणार आहे. उधारी वहीत लिहायची, मार्करकाका लिहायचे तशी, नावापुढे फक्त उभ्या रेघा.

आणि एक चूक जी मी केली. जुन्या टेबलाला बाथरूमच्या पॉकेटकडे उतार होता. सगळ्यांना माहीत होता, हळू सोडलेला बॉल शेवटच्या वीतभर अंतरात आपोआप तिकडे वळायचा, नवखा माणूस तिथेच हरायचा. फिटरने विचारलं सगळं एकदम सरळ करू ना, मी म्हटलं अर्थात. पहिल्या रविवारी आमच्यातला डावखुरा आला, ब्लॅक राहिलेला, म्हणाला "बाथरूम", आणि पॉकेटच्या दोन बोटं बाहेर नेम धरून असा अलगद सोडला की बस. बॉल सरळ गेला आणि कुशनला टेकून थांबला. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग खाली बसून त्या कोपऱ्याखाली बघायला लागला. मी म्हटलं चौकटचा सत्ता काढू का, तर म्हणाला, "आत्ता नको, तुझा शॉट आहे."