ज्वारी उभी असतानाच सौदा करताय? मग दर सगळ्यात शेवटी बोला

हस्ताची पेरणी उरकून ज्वारी गुडघ्याला आली की आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात फोन सुरू होतात. "यंदा मालदांडी किती आहे? दर आत्ताच बांधू, माल मळणीनंतर द्या." सोलापूरच्या मार्केट यार्डातला व्यापारी असो नाहीतर पुण्याचा भाकरी-केंद्रवाला, पहिला शब्द दराचाच असतो. माझं म्हणणं उलटं आहे. दर सगळ्यात शेवटी. मागची तयारी कच्ची असेल तर चांगल्या दरातसुद्धा माणूस अडकतो. मी अडकलोय.

आधी जुनी वही काढा आणि गेल्या पाच वर्षांचा एकरी उतारा बघा. सरासरी काढू नका, सगळ्यात वाईट वर्षाचा आकडा घ्या. आपली ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. परतीच्या पावसानं हात आखडला किंवा दाणे भरताना खडखड्या (ताटं वाळवून लोळवणारा रोग) आला, तर सरासरी तुमच्या मदतीला धावत नाही. दहा एकर रान असेल आणि वाईट वर्षी एकरी चारच क्विंटल पडली असेल, तर हातात चाळीस धरा. त्यातून घरची वर्षाची ज्वारी, बियाणं आणि लेकीबाळींची पोती बाजूला काढा. उरेल त्याच्या निम्म्याचाच आगाऊ सौदा करा. बाकीची मळून, खळ्यावर बघून विकता येते. पिकावर सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज असेल तर तिथंही आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट एका ओळीची आहे, पण सगळ्यात महाग पडते तीच. कागदावर "वीस क्विंटल मालदांडी" लिहायचं की "अमुक गट नंबरच्या रानातल्या पिकापैकी वीस क्विंटल"? १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे अजून पिकायच्या मालाची आज विक्री होत नाही, विकण्याचा करार होतो. मालकी पुढं, माल तयार होऊन ठरल्याप्रमाणे घेणाऱ्याच्या नावानं वेगळा काढला की जाते, आणि एरवी तोवरचं नुकसान आपलंच. नुसतं मोघम लिहिलं आणि गारपिटीनं रान झोपवलं, तर समोरचा म्हणणार, बाजारातून विकत आणून दे. आणि त्याचं म्हणणं खोटं नसतं. गट नंबर लिहिला असेल तर पीकच गेलं, करार पुरा करणं अशक्य झालं, असं म्हणायला जागा राहते. म्हणून सातबारा आणि ई-पीक पाहणीची नोंद कागदाला जोडा, आणि पीक बुडालं तर काय करायचं हे वाक्य स्वतःच्या शब्दांत घाला. वकिलाला एकदा दाखवलेलं बरं.

मालाचं वर्णन "चांगली ज्वारी" असं चालत नाही. मालदांडी ३५-१ हा मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेला वाण आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण यातलं काहीच दाण्याचा रंग ठरवत नाही. कणसं पक्व झाल्यावर एक अवकाळी सर आली की मोत्यासारखा दाणा काळपट पडतो. भाकरीवाल्याला तो नको असतो. म्हणून गेल्या वर्षीच्या मालाचे दोन नमुने पिशवीत भरून दोघांच्या सह्यांनी बंद करा, एक त्याच्याकडं, एक तुमच्याकडं. ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालेल आणि दाणा काळा पडला तर क्विंटलमागं किती कापायचं, हे आकड्यात लिहा. "तेव्हा बघू" म्हणणारा माणूस तेव्हा त्याच्याच सोयीचं बघतो.

आणि कडबा! सौदा धान्याचा असला तरी भांडण कडब्यावरून पेटतं. कोरड्या वर्षी कडब्याचे पैसे दाण्याच्या तोडीला जातात, आणि ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्याला ते वेगळं सांगायला नको. उभं रान दिलं असा समज करून घेणारा व्यापारी मळणीच्या दिवशी कडब्यासाठीही टेम्पो घेऊन येतो. कडबा आपल्याकडंच राहणार असेल तर तसं स्पष्ट लिहा. द्यायचा असेल तर शेकड्याचा दर आणि पेंढीचा आकार, दोन्ही ठरवा. आमच्या वस्तीवरची पेंढी आणि शेजारच्या वाडीची पेंढी यात कवळाभराचा फरक पडतो. चिकटा (मावा किडीचा चिकट थर) पडलेल्या कडब्याचं काय, तेही तिथंच लिहा.

तारखेपाशी मी फसलो. "गड्ड्याची यात्रा झाली की माल उचलतो" असं ठरलं होतं. यात्रा संक्रांतीला. मी आपलं धरलं, फार तर फेब्रुवारीअखेर. दर उतरत गेला तसे गृहस्थ फोन उचलेनासे झाले, आणि एप्रिलात येऊन म्हणाले, यात्रा झालीच की, मी कुठं महिना सांगितला होता? तोवर माझी पोती घरात, उंदीर पोत्यांत. आता मी "१ ते १५ मार्च" असं लिहून घेतो, आणि १५ नंतर दर दिवसाचं गोदामभाडं कुणी द्यायचं तेही.

वजनाचं थोडक्यात: कुठल्या काट्यावर, बारदान (रिकामी पोती) कुणाचं, हमाली-तोलाई कुणाकडं, भाडं कुणाच्या अंगावर. "कडता", म्हणजे वजनातून कापायची सूट, हा शब्द कानावर आला की तिथंच थांबून तो किलोत सांगायला लावा.

मग इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम. तो बँकेतून घ्या, रोख नको. भाव चढला की शेतकऱ्याचा पाय घसरतो, उतरला की व्यापाऱ्याचा, म्हणून मोडणाऱ्यानं काय द्यायचं ते आधीच ठरवा. रीत अशी की ठरलेला दर आणि माल द्यायच्या दिवशीचा बाजारभाव यातला फरक नुकसान म्हणून धरतात. दर ३,८०० ठरला, त्या दिवशी बाजार ४,५०० निघाला आणि तुम्ही वीस क्विंटल नाकारली, तर १४,००० रुपये. कागदात दंडाची ठोक रक्कम लिहिली तरी १८७२ च्या करार कायद्यात ती वरची मर्यादा असते, आपोआप मिळणारा आकडा नव्हे. आणि माल द्यायचाघ्यायचा नाही, नुसता दरातला फरक वळता करायचा असा बेत कुणी मांडला तर उठून या. तो सट्टा झाला, कोर्टात उभा राहत नाही.

एवढं झालं की दर. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये होता, संकरितचा ३,६९९. या पन्नास रुपयांवर जाऊ नका, भाकरीची ज्वारी बाजारात आपला भाव आपण काढते. सौद्याच्या आदल्या आठवड्यात सोलापूर, बार्शी आणि मंगळवेढा, तिन्ही बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर वहीत टिपून ठेवा. फोन आला की वही मांडीवर घ्या, आणि पहिला आकडा त्याला बोलू द्या.