बालनाट्याला जाताना तीन घंटांची युक्ती

रंगमंचावर राक्षस आला की नेमकी पोरांना शू लागते, आणि दिवे गेले की भोकाड. ठाण्याचं गडकरी रंगायतन असो, घाणेकर किंवा वाशीचं भावे नाट्यगृह, नाटक सुरू होण्याआधी घंटा तीनच होतात. कामं त्या घंटांनाच वाटून द्या.

१. पहिली घंटा: शू. लागली नसली तरी.
२. दुसरी: दोन घोट पाणी, मग बाटली बंद.
३. तिसरी: "आता अंधार होणार" हे मुलालाच तुमच्या कानात सांगू द्या. आधीच माहीत असलेल्या अंधाराची भीती निम्मी होते.

तिकीट वाटेलगतच्या खुर्चीचं काढा. पुढे उंच डोकं आलं तर मूल कलून बघतं. वडा मध्यंतरातच, तोही निववून.

मूल खरंच घाबरलं तर मात्र "काही नाही होत, बघ" करत दाबून बसवू नका. उचला आणि बाहेर या.