एल निनोची बातमी वाचून जायकवाडीच्या पाण्याचा अंदाज कसा बांधायचा: माझ्या वहीची रीत

आमची मोसंबीची बाग घनसावंगी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. 2012 च्या जूनमध्ये आमच्या शिवारात एक चांगला पाऊस झाला आणि त्या भरवशावर मी मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची फळं, धरला. पुढच्या उन्हाळ्यात कालव्याला पाणीच आलं नाही. टँकर लावून जेवढी जगवता आली तेवढी जगवली, बाकीच्या सव्वातीनशे झाडांना कुऱ्हाड लावली. तेव्हापासून मी वही ठेवते. आपल्या शिवारातला पाऊस आणि नाथसागरातलं, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातलं, पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षानं मला शिकवलं. कालव्यावर शेती करणाऱ्या प्रत्येकानं ही वही ठेवावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून माझी रीत लिहिते आहे.

आधी वहीच्या पहिल्या पानावर पाणी येतं कुठून ते काढा. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पैठणला येते खरी, पण जायकवाडी भरतं ते मुख्यतः इगतपुरी, त्र्यंबक, भंडारदरा, घाटघर या घाटमाथ्यावरच्या पावसानं. तो पाऊस आधी गंगापूर, दारणा, मुकणे, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणं भरतो. ती भरत आली की विसर्ग सुरू होतो. नाशिककडचं पाणी नांदूर मधमेश्वरवरून खाली येतं, प्रवरा आणि मुळेचं पाणी नगर जिल्ह्यातून येऊन मिळतं, मग नाथसागराची पातळी चढते. वैजापूर, गंगापूर (हा तालुका, नाशिकचं धरण नव्हे), पैठण या पट्ट्यात पाऊस मुळात कमी. तिथला पहिला पाऊस जमीनच पिते, नंतर विहिरी, नाले, बंधारे पितात, उरलं तर नदीला. म्हणून पाऊस दहा टक्के कमी झाला की धरणाची आवकही दहाच टक्के घटेल असं धरू नका. जमिनीची तहान तेवढीच राहते, तूट सगळी नदीच्या वाट्याला येते. आवक पावसापेक्षा नेहमी जास्त घसरते. हे नीट समजलं की 'देशात 94 टक्के पाऊस' ही बातमी वाचून कोणी निर्धास्त होणार नाही.

आता समुद्राकडे येऊ. एरवी प्रशांत महासागरावर पूर्वेकडून वारे वाहतात आणि वरचं गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. तिथं हवा वर चढते, ढग होतात. एल निनोच्या वर्षी हे वारे मंदावतात, गरम पाणी पूर्वेकडे, मधल्या प्रशांत महासागराकडे सरकतं आणि हवा चढण्याची जागाही तिकडे जाते. आपल्या बाजूला मग हवा खाली बसण्याकडे कल होतो आणि मोसमी पावसाला दाब बसतो. ला निनात याच्या उलट. बातमीत जो आकडा येतो तो विषुववृत्तावरच्या 'निनो 3.4' या पट्ट्याचा. तिथलं पाणी सरासरीपेक्षा 0.5 अंश किंवा अधिक तापलं आणि तसंच टिकलं की एल निनो. हा संबंध शोधण्याची सुरुवात आपल्याच दुष्काळांपासून झाली. 1877 आणि 1899 च्या दुष्काळांनंतर पावसाचा आगाऊ अंदाज हवा म्हणून भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवत बसले. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरावरच्या दाबाचा झोका त्यांच्या हाती लागला, एकीकडे दाब चढला की दुसरीकडे उतरतो असा. बहात्तर साली सुकडी खाऊन दिवस काढल्याचं माझ्या सासूबाई सांगतात. तेही एल निनोचंच वर्ष होतं, हे त्यांना मी वही दाखवून सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ त्या पानाकडे बघत होत्या.

पण नुसत्या एल निनोवर निर्णय घेऊ नका. 1997 चा एल निनो फार मोठा होता, तरी देशाचा पाऊस सरासरीच्या 102 टक्के झाला. 2002 चा त्या मानानं लहान, आणि पाऊस 81 टक्के. 2009 मध्ये 78, 2015 मध्ये 86. आमची झाडं गेली त्या 2012 ला तर जाहीर झालेला एल निनो नव्हताच. एल निनो म्हणजे फासा आपल्या विरुद्ध बाजूला जड झाला, इतकंच समजा.

वहीत दुसरा रकाना आयओडीचा (इंडियन ओशन डायपोल) ठेवा. हा आपल्या जवळचा, हिंदी महासागराचा. आफ्रिकेकडची बाजू सुमात्राकडच्या बाजूपेक्षा जास्त तापली की आयओडी धन, उलट झालं की ऋण. फरक 0.4 अंशाच्या वर टिकला तर दखल घ्यायची. धन असेल तर आपल्या पावसाला सहसा आधार मिळतो. 1997 ला तो धन होता. 2019 चं माझं पान अजून मी लोकांना दाखवते. त्या वर्षी आयओडी जोरदार धन झाला. उन्हाळ्यात मृतसाठ्यात, म्हणजे कालव्याला न मिळणाऱ्या तळच्या पाण्यावर, गेलेलं जायकवाडी ऑगस्टच्या मध्याला नाशिकच्या पाण्यावर भरत आलं, आणि तेव्हा आमच्याकडे पेरलेलं सोयाबीन पावसावाचून माना टाकत होतं. धरणाचा आकडा वाचायचा आणि कोरडं आभाळ बघायचं, असा तो महिना गेला. मात्र 2015 लाही आयओडी धन होता आणि त्यानं काही वाचवलं नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ते त्याच दुष्काळात. मोठा एल निनो समोर असेल तेव्हा आयओडीवर सगळी भिस्त ठेवू नये, असं माझं मत आहे.

तिसरा रकाना आठवड्यांचा, एमजेओचा (मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन). हा ढगांचा मोठा पट्टा विषुववृत्ताला धरून पूर्वेकडे सरकत असतो आणि साधारण 30 ते 60 दिवसांत फेरी पूर्ण करतो. तो हिंदी महासागरावर असला की आपल्याकडे पावसाला जोर येण्याची शक्यता वाढते, पुढे प्रशांतकडे गेला की उघडीप. वर्षाचं पाणी यावरून कळत नाही, पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत विसर्ग वाढेल की थांबेल याचा सुगावा लागतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र होऊन ते छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे सरकलं की अरबी समुद्रावरचा पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि घाटमाथा झोडपून निघतो. ती बातमी दिसली की मी लगेच दारणा आणि गंगापूरचे आकडे बघते.

कोणत्या महिन्यात कशावर विश्वास ठेवायचा, हे मला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मार्च-एप्रिलमध्ये एल निनोबद्दल जे छापून येतं ते पेन्सिलीनं लिहा. त्या दिवसांत समुद्र कूस बदलत असतो आणि भल्याभल्यांचे अंदाज चुकतात. जूननंतरचा अंदाज पेनानं लिहायला हरकत नाही. हवामान खातं मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्याला देतं आणि मेअखेर तो सुधारून देतं. त्यातला देशाचा आकडा सोडा, नकाशा बघा. नाशिक-नगरच्या घाटावर कोणता रंग आहे तेवढंच आपल्या कामाचं. दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो, तो जून ते सप्टेंबर एकदाही चुकवू नका. 2023 च्या जूनमध्ये एल निनो जाहीर झाला होता. तरी जुलैत बरा पाऊस झाला आणि गावात लोक म्हणाले, कुठाय तुझा एल निनो? पुढचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरात पाऊस परतला, पण जायकवाडी निम्मंही भरलं नाही. 2020, 2021, 2022 ही तीन वर्षं ला निनाची, आणि तिन्ही वर्षं धरण भरलं होतं.

धरणाचे आकडे वाचताना दोन हिशेब पाठ असू द्या. जायकवाडीत सगळं मिळून सुमारे 102 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी मावतं. त्यातलं 26 मृतसाठा, उपयुक्त साठा 76.65. पेपरात '40 टक्के' येतं ते या 76.65 चे 40 टक्के, म्हणजे जेमतेम 31 टीएमसी. दुसरा हिशेब विसर्गाचा. 11,574 क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पूर्ण 24 तास पाणी वाहिलं तर एक टीएमसी होतं. नांदूर मधमेश्वरवरून 50,000 क्युसेक सोडले ही बातमी ऐकून हुरळून जाऊ नका, आधी विचारा किती तास. पूर्ण दिवस चाललं तर सव्वाचार टीएमसीच्या वर, म्हणजे धरणाच्या टक्क्यात साडेपाचच्या आसपास. चार तासांत दारं खाली केली तर एक टक्कासुद्धा नाही. आकडे दलघमीत (दशलक्ष घनमीटर) दिले असतील तर 28.32 नं भागा, टीएमसी मिळेल.

या सगळ्यावरून बागेत काय करायचं? जूनअखेर एल निनो पक्का होत असेल आणि आयओडी शून्याच्या आसपास असेल, तर मी मृग बहार धरत नाही. त्याची फळं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात, नेमकं तेव्हाच आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या पाळीची, खात्री नसते. आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची, फळं पावसाळा संपता संपता निघून जातात, तो मला जवळचा वाटतो. नवा ऊस अशा वर्षी लावायचाच नाही. शेततळं जुलैच्या पहिल्या पाण्यात भरून घ्यायचं, सप्टेंबरवर ठेवायचं नाही. पाचट, गवत, जे मिळेल त्याचं आच्छादन झाडांच्या आळ्यात दिवाळीआधी पडलं पाहिजे. ला निना असेल तर उलट काळजी. धरण बरेचदा ऑगस्टमध्येच भरत आलेलं असतं आणि सप्टेंबरात उपसागरावरून एखादी प्रणाली मराठवाड्यावर येऊन बसली की विसर्ग थेट वाढतो. नदीकाठच्या लोकांनी मोटारी, पाइप आधीच वर काढून ठेवावेत.

पावसाळ्यातलं शेवटचं पान 15 ऑक्टोबरचं. त्या तारखेला जायकवाडीचा साठा ठरलेल्या टक्क्यांच्या (2023 ला ही मर्यादा 65 होती) खाली असेल तर वरच्या-खालच्या धरणांतल्या समन्यायी पाणीवाटपाच्या नियमानं वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. 2023 ला असं 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला होता. पण ते पाणी कोरड्या पात्रातून येतं, वाटेत बरंच मुरतं, आणि निर्णय होईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. म्हणून मी ते हिशेबात धरत नाही. 15 तारखेला धरणात जे आहे त्यातून पिण्याचं आणि कारखानदारीचं पाणी वजा करते, उन्हाळ्यातल्या बाष्पीभवनासाठी वेगळं काढते, कारण नाथसागर उथळ आणि पसरट आहे, आणि उरलेल्यात आवर्तनं किती होतील ते आमच्या पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून देणाऱ्याला, विचारते. तो सांगेल त्यातून एक पाळी कमी करून तो आकडा वहीत लिहिते, आणि त्यावरच झाडं मोजते.