माजी विद्यार्थ्यांची यादी, देणगीची पावती आणि तंत्रज्ञान : विद्यापीठाच्या निधिसंकलन कार्यालयासाठी मार्गदर्शन

विद्यापीठाच्या किंवा मोठ्या महाविद्यालयाच्या निधिसंकलन कार्यालयात नवे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले, की पहिली बैठक बहुधा विक्रेत्याच्या सादरीकरणाने सुरू होते. ती बैठक सहा महिने पुढे ढकलावी आणि तो वेळ माजी विद्यार्थ्यांची यादी दुरुस्त करण्यात घालवावा, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. ज्या यादीत एकच व्यक्ती तीन ठिकाणी आहे, ती यादी कितीही महागड्या प्रणालीत भरली तरी त्या व्यक्तीला तीन पत्रेच जाणार.

एका महाविद्यालयात मी हे काम पाहत असताना वडिलांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवू इच्छिणाऱ्या एक बाई धनादेश घेऊन आल्या. परीक्षा विभागाच्या नोंदीत त्यांचे माहेरचे आडनाव होते, माजी विद्यार्थी संघाच्या आजीव सभासदांच्या वहीत सासरचे होते आणि लेखा विभागाच्या जुन्या पावतीपुस्तकात नुसती आद्याक्षरे होती. या तिन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे कोणालाच ठाऊक नसल्याने, ‘यापूर्वी आपण कधी देणगी दिली आहे का?’ असे त्यांना विचारले गेले. त्यांनी काही न बोलता पर्समधून दोन जुन्या पावत्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन्ही घडीवर विरत आल्या होत्या. देणगीदाराने इतकी वर्षे जपलेले संस्थेला मात्र सापडू नये, याचे फार वाईट वाटले.

यादी एकत्र आणताना

माजी विद्यार्थ्यांची माहिती एका जागी कधीच नसते. परीक्षा विभाग, संघाची सभासद वही, विभागप्रमुखांच्या संगणकावरील एक्सेल फाइली, बॅचचे व्हॉट्सॲप गट आणि लेखा विभागाची पावतीपुस्तके अशा पाच-सहा ठिकाणी ती विखुरलेली असते. प्रत्येक फाइलची मूळ प्रत हात न लावता जपून ठेवावी, कामासाठी दुसरी प्रत घ्यावी आणि प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या फाइलमधून आली हे लिहावे. प्रत्येक व्यक्तीला कार्यालयाचा स्वतंत्र, कधीही न बदलणारा क्रमांक द्यावा. पीआरएनवर (विद्यापीठाने विद्यार्थ्याला दिलेल्या कायम नोंदणी क्रमांकावर) विसंबून चालत नाही, कारण जुन्या विद्यार्थ्यांना तो नसतो आणि दोन अभ्यासक्रम केलेल्यांना दोन असू शकतात.

पीआरएनचा आणखी एक धोका सहसा लक्षात येत नाही. हा क्रमांक पुष्कळ ठिकाणी सोळा आकडी असतो आणि एक्सेल संख्येचे पंधराच आकडे अचूक ठेवते. म्हणून तो स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ केला नसेल, तर शेवटच्या आकड्याच्या जागी शून्य येते आणि लागोपाठचे क्रमांक असलेल्या दहा विद्यार्थ्यांचा क्रमांक एकच होऊन बसतो. बहुधा कोणतीही सूचना दिसत नाही आणि फाइल जतन केली की मूळ आकडा परत मिळत नाही.

जुन्या मराठी याद्या बहुधा श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकित केलेल्या असतात. त्या नव्या संगणकावर उघडल्या की देवनागरीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि ‘फाइल खराब झाली’ म्हणून कोणीतरी ती काढून टाकते. अशी एकही फाइल काढून टाकू देऊ नये. फाँट ओळखून परिवर्तकाने (फाँट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने) ती युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंहितेत आणावी आणि नंतर जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी, कारण परिवर्तक नेमके तिथेच चुकतात.

नावांच्या बाबतीत मराठी यादीची अडचण इंग्रजी यादीहून वेगळी आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव. बँकेच्या नोंदीत आडनाव बहुधा शेवटी. गायकवाड, कुलकर्णी किंवा चौधरी यांची रोमन स्पेलिंगे तीन-चार प्रकारची. ओपनरिफाइन हे मोफत साधन अशी जवळची रूपे एकत्र दाखवते, पण ती एकाच व्यक्तीची आहेत की नाहीत हे माणसानेच ठरवावे. केवळ नाव जुळले म्हणून नोंदी एक करू नयेत. जन्मतारीख, उत्तीर्ण वर्षासह शाखा, मोबाइल आणि ई-मेल यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. शंका असेल तेथे फोन करून विचारावे, आणि तो फोन देणगी मागण्यासाठी वापरू नये.

कोणती माहिती ठेवावी, कोणती ठेवू नये

संपर्क, शिक्षण आणि देणगीचा इतिहास हे रकाने सर्वजण ठेवतात. त्यांत मी काहींची भर घालायला सांगेन : व्यक्ती स्वतः लिहिते तसे देवनागरी नाव, पत्रव्यवहाराची पसंतीची भाषा, ‘संपर्क करू नये’ अशी खूण आणि निधन झाल्याची नोंद. ही शेवटची नोंद राहून गेली की दिवंगत माणसाच्या नावाने आवाहनाचे पत्र घरी जाते, आणि ते उघडणाऱ्या कुटुंबाला काय वाटत असेल ते सांगायला नको.

देणगीच्या अटीसाठी स्वतंत्र रकाना हवाच. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर देणगीदार प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्रींच्या नावाने उभा आहे. कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाख रुपये दिले आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला मिळाले. देणगीचे नाव आणि अट माणसांहून अधिक टिकते. पाच हजारांचे पारितोषिक ‘मराठीत प्रथम येणाऱ्या मुलीला’ असे असेल, तर ती अट, कराराची स्कॅन प्रत आणि ‘या वर्षी दिले का’ ही खूण एकाच नोंदीत असावी. फाइल कपाटात राहिली की चार कुलसचिव बदलेपर्यंत पारितोषिक बंद पडलेले असते आणि व्याज मात्र साचत राहते.

फी सवलतीसाठी विद्यार्थ्याने दिलेले उत्पन्नाचे व जातीचे दाखले निधी कार्यालयात येताच कामा नयेत. आडनावावरून जात, धर्म किंवा ऐपत यांचा अंदाज बांधून याद्या पाडणे तर पूर्णपणे वर्ज्य मानावे. ते अन्यायाचे आहे आणि अंदाज म्हणूनही चुकीचे ठरते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमती आणि हेतू यांवर भर देतो. त्यामुळे संमती कधी, कशी आणि कशासाठी घेतली हेही नोंदवावे, व्हॉट्सॲप गटातून उचललेले क्रमांक संमतीशिवाय यादीत टाकू नयेत.

पैसे, ताळमेळ आणि पावती

यूपीआयमुळे देणगी देणे सोपे झाले, पण ती ओळखणे अवघड झाले. बँकेच्या उताऱ्यात रक्कम, बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि फार तर अपुरे नाव दिसते. हेतू आणि पॅन दिसत नाही. म्हणून भिंतीवर एकच क्यूआर कोड चिकटवून थांबू नये. आधी नाव, पॅन आणि हेतू विचारणारा छोटा फॉर्म, मग पैसे, असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक आवाहनाला वेगळा दुवा द्यावा. बँक उतारा व देणगी नोंद यांचा ताळमेळ दर आठवड्याला घालावा. मार्चअखेरीस एकदम बसले, तर न ओळखलेल्या रकमांचा ढीग होतो, आणि निनावी देणग्या ठराविक मर्यादेपलीकडे गेल्या तर संस्थेला त्यांवर कर भरावा लागू शकतो.

देणगीवर प्राप्तिकरात मिळणाऱ्या (जुन्या कायद्यातल्या कलम ८०जीखालील) वजावटीसाठी आता केवळ पावती पुरत नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेला देणग्यांचे विवरण फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरून देणगीदाराला फॉर्म १०बीई प्रमाणपत्र द्यावे लागू लागले. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क होते. रोख २,००० रुपयांहून अधिक दिल्यास वजावट मिळत नाही, हे फॉर्मवरच लिहावे. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ ने जुन्या कायद्याची जागा घेतल्यामुळे कलमांचे व फॉर्मचे क्रमांक पावतीत पक्के कोरून न ठेवता बदलता येतील असे ठेवावेत आणि दर एप्रिलमध्ये सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावेत. नवी करप्रणाली निवडलेल्याला ही वजावट मिळत नसल्याने, ‘कर वाचवा’ हा आवाहनाचा मुख्य मुद्दा करणे मला योग्य वाटत नाही.

परदेशातील माजी विद्यार्थ्यांच्या नोंदीत पत्त्यापेक्षा नागरिकत्व महत्त्वाचे असते. न्यू जर्सीत राहणाऱ्या दोन वर्गमित्रांपैकी एकाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवले, तर ते परकीय योगदान ठरत नाही. दुसऱ्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी त्याची देणगी एफसीआरए म्हणजे परकीय योगदान नियमन कायद्याखाली येते. २०२० च्या दुरुस्तीनुसार ती नोंदणी वा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेच्या, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. ऑनलाइन फॉर्मने नागरिकत्वाचा प्रश्न आधी विचारून देणगीदाराला योग्य खात्याकडे वळवावे, नाहीतर प्रेमाने पाठवलेली रक्कम परत करण्याची वेळ येते.

आकड्यांचा अर्थ लावताना

सुरुवातीला कोणतीही कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. शेवटची देणगी कधी, आजवर किती वेळा आणि एकूण किती, हे तीन स्तंभ पुरेसे आहेत. त्यांतून पहिली यादी काढावी ती ‘मागच्या वर्षी दिले, या वर्षी नाही’ अशी. समजा, गेल्या वर्षी ४०० जणांनी दिले आणि त्यांतल्या १८० जणांनी यंदा पुन्हा दिले, तर टिकून राहण्याचे प्रमाण ४५ टक्के झाले. उरलेल्या २२० जणांना साधे पत्र नव्हे, तर फोन जावा, आणि शक्यतो त्यांच्याच विभागातल्या शिक्षकांचा किंवा विद्यार्थ्याचा जावा. नव्या शंभर लोकांच्या मागे लागण्यापेक्षा हे काम अधिक फळ देते.

दुसरी यादी लहान रक्कम सातत्याने देणाऱ्यांची. नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले, तेव्हा त्यांच्या संस्थेशी असलेल्या नात्याला पन्नास वर्षे झाली होती आणि त्याआधी त्यांनी ८५ कोटी दिलेले होते. मोठी देणगी सहसा अशीच, आधीच्या देण्यावर येते. म्हणून दहा वर्षे दर गुरुपौर्णिमेला हजार रुपये पाठवणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचे नाव यादीत वर दिसले पाहिजे; केवळ रकमेवर क्रम लावला, तर ते कधीच दिसणार नाही.

सॉफ्टवेअर निवडताना

एवढे झाल्यावर विक्रेत्याला बोलवावे, किंवा सिविसीआरएमसारखी मुक्तस्रोत प्रणाली पाहावी. देवनागरीत शोध होतो का, सर्व माहिती केव्हाही साध्या सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येते का, कोणी कोणती नोंद कधी बदलली हे दिसते का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. सादरीकरणातली नमुना माहिती पाहून निर्णय घेऊ नये. आपल्या यादीतल्या सर्वांत अवघड पन्नास नोंदींतील फोन, पॅन यांसारखे खाजगी तपशील बदलून त्या चाचणी प्रतीत भरायला लावाव्यात. त्यांत माहेर-सासरच्या दोन आडनावांच्या आणि आद्याक्षरांच्या पावत्या असलेल्या बाईंसारखी एक नोंद असावी, आणि तिन्हींपैकी कोणत्याही नावाने शोधले तरी पूर्वीच्या दोन देणग्या पडद्यावर येतात का, ते स्वतः बसून पाहावे.