टॅग लावला, तरी छत्री सापडत का नाही?

हरवलेली वस्तू फोनवर शोधता यावी म्हणून किल्लीला, बॅगेला, छत्रीला लावतात त्या बटणाएवढ्या टॅगमध्ये, दुकानदार काहीही सांगो, जीपीएस नसतो. तो फक्त ब्लूटूथवरून आपली हजेरी लावत राहतो. जवळून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनला ती हजेरी ऐकू आली, तर तो फोन स्वतःचं ठिकाण ॲपल किंवा गूगलसारख्या कंपनीच्या, अशाच असंख्य फोनांनी बनलेल्या नेटवर्ककडे पाठवतो आणि तुमच्या नकाशावर ठिपका उमटतो. माहिती एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेली असते, त्यामुळे त्या माणसाला यातलं काही कळत नाही. म्हणजे वस्तू शोधतं ते नेटवर्क, टॅग निमित्तमात्र.

म्हणून खरेदीच्या वेळी रंग-आकार नंतर, आधी खिशातला फोन बघा. आयफोन असेल तर ॲपलच्या ‘फाइंड माय’वर चालणारा टॅग, अँड्रॉइड असेल तर गूगलच्या ‘फाइंड हब’वर चालणारा. (२०२५पर्यंत याचंच नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होतं, जुन्या खोक्यांवर तेच छापलेलं असेल.) ॲपलचा स्वतःचा एअरटॅग अँड्रॉइडला जोडता येत नाही. सॅमसंगचा स्मार्टटॅग गॅलेक्सी सोडून दुसऱ्या फोनवर चालत नाही. जिओटॅग एअर ‘फाइंड माय’साठी, जिओटॅग गो गूगलसाठी, नावं इतकी सारखी की घाईत नको तो उचलला जातो. आणि स्टेशनबाहेरचे, स्वतःचंच वेगळं ॲप असलेले बिननावी टॅग? उशीखालची किल्ली वाजवायला ठीक आहेत. दादरला राहिलेली बॅग ते शोधून देणार नाहीत, कारण ते ॲप आजूबाजूच्या कुणाच्याच फोनमध्ये नसतं.

जोडणी: प्लॅस्टिकची पट्टी ओढा, टॅग फोनजवळ धरा, स्क्रीनवर विचारेल त्याला हो म्हणा.

आता अँड्रॉइडवाल्यांनी जरा थांबावं. बहुतेक जण जोडणी झाली की टॅग अडकवून मोकळे होतात, आणि वस्तू हरवल्यावर नकाशावर काल सकाळचा ठिपका बघत बसतात. मग ‘हे टॅग म्हणजे पैसे पाण्यात’ असा निकाल लागतो. मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, कारण टॅगमध्ये बिघाड काहीच नसतो आणि फोनही तक्रार करत नाही. अडतं ते एका सेटिंगपाशी. फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल उघडा, त्यात ‘ऑल सर्व्हिसेस’, मग ‘फाइंड हब’, मग ‘फाइंड युवर ऑफलाइन डिव्हायसेस’. कंपनीगणिक वाट थोडी बदलते. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘ऑफलाइन’ टाका. तिथे आधीपासून निवडलेला पर्याय असतो ‘हाय ट्रॅफिक एरियाज ओन्ली’, म्हणजे फक्त वर्दळीच्या जागा.

या पर्यायात एका फोनने टॅग पाहून भागत नाही. अनेक फोनांनी पाहिला तरच ठिकाण कळवलं जातं. कुणाच्या खासगी घराचा माग लागू नये म्हणून गूगलने हे मुद्दाम केलंय आणि हेतू चांगला आहे. पण परिणाम बघा. ठाणे स्टेशनच्या पुलावर पडलेली किल्ली सापडेल, तिथे फोनांना तोटा नाही. तीच किल्ली डोंबिवलीत आत्याकडे चौथ्या मजल्यावर सोफ्याच्या फटीत गेली, तर तिच्याजवळ दिवसभर आत्याचा एकच फोन, आणि तुमचा ठिपका ढिम्म हलणार नाही. म्हणून ‘विथ नेटवर्क इन ऑल एरियाज’ निवडा. आणि फक्त आपल्या फोनवर नको, आई-बाबा, आत्या, ऑफिसातला शेजारी, सगळ्यांच्या फोनवर तोच लावून द्या. एकटा फोनसुद्धा टॅगचं ठिकाण कळवतो तो हा पर्याय चालू असला तरच, आणि आपल्या वस्तू अनोळखी गर्दीपेक्षा आपल्याच माणसांच्या घरी जास्त राहतात.

त्याच बैठकीत फोनला पिन किंवा पॅटर्न आहे ना, ते बघा. स्क्रीन लॉकशिवाय हे एन्क्रिप्टेड नेटवर्क चालत नाही. ब्लूटूथ आणि लोकेशन चालूच ठेवा. बॅटरी वाचवायला ब्लूटूथ बंद करा, हा सल्ला फार जुन्या फोनांच्या काळातला आहे. कुणी दिला तर मान डोलवा आणि सोडून द्या.

आयफोनवर हा घोळ नाही. तिथे ‘फाइंड माय’ ॲपमध्ये त्या वस्तूच्या पानावर ‘नोटिफाय व्हेन लेफ्ट बिहाइंड’ (वस्तू मागे राहिली की सूचना) तेवढं चालू करा आणि आपलं घर त्यातून वगळा, नाहीतर दूध आणायला खाली उतरलात तरी फोन ओरडेल. घराच्या किल्ल्या सगळ्यांच्या असतील तर ‘शेअर’ करा. एअरटॅग आणखी ५ जणांना देता येतो. न दिल्यास त्याच किल्ल्या घेऊन भाजीला गेलेल्या आईच्या फोनवर ‘अनोळखी टॅग तुमच्या मागावर आहे’ अशी सूचना येते, आणि मग तिला समजावण्यात संध्याकाळ जाते.

लावायचा कुठे? धातूच्या आत नको. स्टीलच्या डब्याऐवजी डब्याच्या पिशवीत ठेवा. लोखंडी कपाटातल्या पासपोर्टच्या टॅगचा सिग्नल तिथेच बराचसा अडतो. छत्रीच्या मुठीला बांधा. पाकिटासाठी कार्डाच्या आकाराचा घ्या. एअरटॅगला भोक नसतं, त्यामुळे होल्डरचा खर्च धरूनच चाला.

वस्तू हरवलीच तर आधी ठिपक्याखालची वेळ वाचा. लोकलच्या रॅकवर राहिलेल्या बॅगेचा ठिपका अंधेरीला दिसतो, तुम्ही अंधेरीला उतरता, तोवर गाडी बोरिवलीच्या पुढे. पाठलाग करू नका. रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला फोन लावा किंवा जवळच्या स्टेशन मास्तरकडे जा. गाडी कुठून किती वाजता सुटलेली, फास्ट की स्लो, कितवा डबा, हे सांगा. ठिपका शेवटच्या स्टेशनात किंवा कारशेडमध्ये स्थिरावला की तेही कळवा. सोबत ‘लॉस्ट मोड’ लावा (अँड्रॉइडवर ‘मार्क ॲज लॉस्ट’) आणि त्यात, वस्तू ज्याला सापडेल त्याला दिसणारा नंबर घरच्या दुसऱ्या कुणाचा तरी द्या, कारण बॅगेत फोनही असू शकतो. ठिपका एखाद्या अनोळखी इमारतीत जाऊन थांबला तर एकट्याने बेल वाजवायला जायचं नाही, पोलीस ठाण्यात जायचं. नुसती गहाळ झालेल्या वस्तूची नोंद मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावरही करता येते.

बॅटरी बऱ्याच टॅगमध्ये सीआर२०३२ असते, म्हणजे नाण्यासारखा चपटा गोल सेल. एअरटॅगमध्ये ती साधारण वर्षभर पुरते आणि कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. मात्र लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू थर दिलेला असतो आणि असा सेल एअरटॅगमध्ये कधी कधी नीट टेकत नाही. नवीन सेल घालूनही टॅग गप्प बसला तर दुसऱ्या कंपनीचा सेल घालून बघा.