बेसबॉलच्या गटाचा अंतिम क्रम मार्चमध्येच कसा मांडावा

पुण्यात राहून अमेरिकन बेसबॉलचा एखादा गट नियमितपणे पाहायचा असेल, तर नॅशनल लीगचा पश्चिम गट त्यातल्या त्यात सोयीचा आहे. लॉस एंजेलिसला संध्याकाळी 7:10 वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी 7:40 वाजता, म्हणजे दुसऱ्या चहाच्या वेळी दिसतो; न्यूयॉर्कच्या सामन्यांसाठी पहाटे साडेचारला उठावे लागते. आम्ही काही मित्र दरवर्षी मार्चच्या अखेरीस या गटातील डॉजर्स, पॅड्रेस, जायंट्स, डायमंडबॅक्स आणि रॉकीज या पाच संघांचा अंतिम क्रम कागदावर लिहून पाकिटात बंद करतो आणि ज्याचा अंदाज सर्वांत चुकतो, त्याच्याकडून ऑक्टोबरमध्ये सर्वांची मिसळ वसूल करतो. ते बिल भरण्याची वेळ माझ्यावर आली, तेव्हा कळले की मी उलट्या टोकाने सुरुवात करत होतो. पाच संघांचे 120 क्रम संभवतात आणि त्यांतला एक मनाने निवडणे हा अंदाज नव्हे. आधी धावा मोजाव्यात, धावांवरून विजय काढावेत आणि क्रम सर्वांत शेवटी आपोआप लागू द्यावा.

पहिले काम म्हणजे मागील हंगामातील विजयांचा आकडा बाजूला ठेवून संघाने केलेल्या आणि दिलेल्या धावा पाहणे. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांच्या सूत्रानुसार केलेल्या धावांच्या वर्गाला दोन्ही धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले, की संघाने किती टक्के सामने जिंकायला हवे होते ते कळते. पॅड्रेसने 2023 मध्ये 752 धावा केल्या आणि 648 दिल्या. या हिशेबाने हंगामाच्या 162 सामन्यांत सुमारे 93 विजय यायला हवे होते, परंतु प्रत्यक्षात 82 आले, कारण एका धावेच्या फरकाने निकाल लागलेल्या सामन्यांत त्यांनी 9 जिंकले आणि 23 गमावले. अशा सामन्यांतील यशापयश पुढील वर्षी क्वचितच टिकते. मी मात्र 82 हाच आकडा खरा धरला, त्यात त्यांचा बिनीचा फलंदाज हुआन सोटो न्यूयॉर्कच्या यँकीज संघाकडे गेलेला, म्हणून 2024 साठी त्यांना चौथे स्थान दिले. त्यांनी 93 सामने जिंकले आणि ते दुसरे आले. (आकडा इतका तंतोतंत जुळणे हा योगायोगच, सूत्राला त्याचे श्रेय देऊ नये.)

यानंतर खेळाडूंची ये-जा मांडावी. सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत एखादा खेळाडू संघाला किती जास्त विजय मिळवून देतो, याचे माप ‘वॉर’ या नावाने ओळखले जाते. नियमित खेळणाऱ्या सामान्य खेळाडूचे ते हंगामाला दोनच्या आसपास असते. मागील एकाच वर्षाच्या कामगिरीवर विसंबू नये. आकडेवारीचेच आणखी एक अभ्यासक टॉम टँगो यांची ‘मार्सेल’ ही अंदाजाची पद्धत फलंदाजांच्या मागील तीन वर्षांना अनुक्रमे 5, 4 आणि 3 असे वजन देते, आलेला आकडा सरासरीकडे थोडा ओढते आणि वयाचा हिशेब धरते. घरी एवढे पुरते. ढोबळमानाने दहा धावा म्हणजे एक विजय, हे लक्षात ठेवले की कागदावरच बेरीज-वजाबाकी होते.

पिचरांच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांच्या, बाबतीत मात्र घाई करू नये, कारण बहुतेक अंदाज येथेच फसतात. पाच पिचर आळीपाळीने सामन्याची सुरुवात करतात असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 32 सामने येतात. प्रत्यक्षात पाचही जण हंगामभर धडधाकट राहिले, असे फारसे घडत नाही आणि कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागली, तर पिचर वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ बाहेर बसतो. म्हणून पहिल्या दोन नावांची कीर्ती पाहण्यापेक्षा सहावा, सातवा आणि आठवा पिचर कोण आहे ते तपासावे.

रॉकीजचे आकडे वाचताना मैदान विसरू नये. त्यांचे डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही उंच आहे. तेथील विरळ हवेत चेंडू दूर जातो आणि वळणारा चेंडू कमी वळतो. त्यामुळे त्यांचे फलंदाज वाटतात तेवढे चांगले नसतात आणि पिचर दिसतात तेवढे वाईट नसतात. वसंतातील सराव सामन्यांचे निकाल सरळ सोडून द्यावेत.

आता बेरीज पडताळावी. सर्व गटांतील तीसही संघांचे मिळून हंगामात 2,430 विजय असतात, तेव्हा आपल्या गटातील सर्वांना उदारपणे विजय वाटले असतील, तर इतर गटांतून ते कोणाचे घेतले, हे सांगता आले पाहिजे. गटातील प्रतिस्पर्ध्यांशी 2023 पासून केवळ 52 सामने होतात, पूर्वी ते 76 होते. त्यामुळे गट दुबळा आहे म्हणून एखाद्या संघाचे विजय वाढवण्याचा मोह आवरावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंतर. प्रत्येक संघाची खरी ताकद अचूक ठाऊक असती, तरी निव्वळ नशिबाने 162 सामन्यांत सुमारे सहा विजय इकडेतिकडे होतात. म्हणून आपल्या कागदावर चार विजयांनी पुढे असलेला संघ तीनपैकी साधारण दोन वेळाच खरोखर पुढे राहतो. जायंट्सनी 2020 च्या छोट्या हंगामात 29 जिंकले, 31 हरले, पुढच्या वर्षी 107 जिंकून डॉजर्सना एका विजयाने मागे टाकले आणि 2022 मध्ये ते 81 वर आले. एवढी उडी कोणत्याही सूत्रात बसत नाही आणि ती बसवण्याचा प्रयत्नही करू नये.

आमच्या पाकिटात आता क्रमाऐवजी प्रत्येक संघाचे विजय लिहिले जातात. ऑक्टोबरमध्ये पाचही संघांच्या आकड्यांतील चुकांची बेरीज करतो आणि ज्याची बेरीज सर्वांत मोठी, तो मिसळ देतो. तर्री जास्त मागितली, तर तिचे पैसे ज्याने त्याने द्यायचे.