‘वॉल्व्ह ढिला आहे’ ऐकल्यावर होणाऱ्या चुका टाळा

“ताई, पण माझं नेमकं पडलंय काय?” डाव्या कुशीवर झोपलेल्या एका काकींनी मला दबक्या आवाजात विचारलं. आधीच्या रिपोर्टवर त्यांनी ‘प्रोलॅप्स’ हा शब्द वाचला होता. सुनेने सांगितलं, प्रोलॅप्स म्हणजे अंग बाहेर येणं. झालं! चार दिवस काकींनी पाण्याची बादली उचलली नव्हती की जिना चढला नव्हता.

वडोदऱ्यात मी वीस वर्षं इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं मशीन चालवते. निदान डॉक्टर करतात, सहीही त्यांचीच. पण छातीवरचं जेल पुसता पुसता पहिला प्रश्न मलाच येतो, आणि त्याच त्या चुका ऐकून आता कान किटले आहेत.

आधी नेमकं काय होतं ते पाहू. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामध्ये मायट्रल नावाची झडप असते. तिला दोन पाकळ्या असतात आणि त्या खालून बारीक दोऱ्यांनी बांधलेल्या असतात. खालचा कप्पा आवळला की पाकळ्या मिटतात आणि रक्त पुढे शरीरात जातं. काहींच्या पाकळ्या सैल असतात, दोऱ्या लांबलेल्या असतात. मग वाळत घातलेल्या चादरीत वारा शिरावा तशा त्या मिटताना वरच्या कप्प्याकडे फुगतात. हा फुगवटा काठाच्या रेषेच्या वर दोन मिलिमीटर किंवा अधिक गेला तर त्याला प्रोलॅप्स म्हणतात, बोलताना ‘वॉल्व्ह ढिला’. फुगूनही पाकळ्या एकमेकींना नीट चिकटत असतील तर काही बिघडत नाही. फट राहिली तर रक्त मागे गळतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की त्या मोठ्या नावाकडे बघत बसू नका, गळती किती लिहिली आहे ते बघा. बहुतेकांची गळती किरकोळ असते आणि त्यांना जन्मभर काही होत नाही.

जुना शिक्का कपाळावर घेऊन जगू नका

ही माझी सगळ्यात नावडती चूक आहे, आणि ती नेहमी रुग्णाचीच असते असंही नाही. दांडिया बाजारातल्या एक बाई माझ्याकडे आल्या, साठीच्या आसपासच्या. कॉलेजात असताना धडधड होते म्हणून त्यांना बाहेरगावी नेऊन तपासलं होतं, सन १९८४. ‘वॉल्व्ह ढिला’ म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून त्यांचा गरबा बंद, पोहणं बंद. एक स्थळ त्यावरून मोडलं. बाळंतपणात घरचे देव पाण्यात ठेवून बसले. तो पिवळा पडलेला कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणला होता.

मी प्रोब लावला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. दोन्ही पाकळ्या रेषेच्या खाली, अगदी शहाण्यासारख्या मिटत होत्या. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनाही तेच दिसलं.

त्या काळच्या तपासणाऱ्यांनाही फार दोष देता येत नाही. चारही कप्पे दिसतात अशा बाजूने बघून तेव्हा हे निदान सर्रास केलं जायचं. पण मायट्रलचा काठ सपाट कड्यासारखा नसतो, घोड्याच्या खोगिरासारखा वाकलेला असतो. त्या बाजूने धडधाकट पाकळीही वर गेल्यासारखी दिसते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे लक्षात आलं आणि निकष बदलले. त्या निकषांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांना तपासलं, तेव्हा प्रोलॅप्सचं प्रमाण निघालं सुमारे २.४ टक्के. ती पाहणी १९९९ साली छापली गेली. छातीत दुखण्याची तक्रारही प्रोलॅप्स असलेल्यांत इतरांपेक्षा जास्त आढळली नाही. म्हणजे छातीतली प्रत्येक कळ झडपेच्या नावावर खपवता येत नाही, तिचं कारण वेगळं शोधावं लागतं.

“मग चाळीस वर्षं मी काय केलं?” बाईंनी विचारलं. मी त्यांच्या हातात जेल पुसायला कागद दिला. दुसरं काय देणार?

तेव्हा तुमचं निदान १९९० च्या आधीचं असेल तर एकदा नव्याने इको करून घ्या.

‘गॅस असेल’

आता उलटी गोष्ट, माझ्याच घरातली. मामांना खरोखरचा प्रोलॅप्स होता, गळती मध्यम. इतक्या गळतीला एक-दोन वर्षांनी इको लागतो. किरकोळ असेल तर तीन ते पाच वर्षांनी चालतो, तीव्र असेल तर सहा महिने ते वर्षाने. मामांनी चार वर्षं टाळला. “त्रास काही नाही ना, मग मशीनखाली कशाला झोपू?” एका संध्याकाळी सेव-उसळ हाणून आले आणि रात्री छाती भरून आली. ओवा झाला, सोडा झाला. दोन वाजता मामीचा फोन आला आणि सांगायला लाज वाटते, पण मीही झोपेत म्हणाले, “तिखट खाल्लं असेल, बसवून ठेव.”

मग मामा फोनवर आले. एका शब्दाला दोन श्वास. आडवं होता येत नव्हतं, खोकल्याबरोबर फेस येत होता. मी ताडकन उठले आणि १०८ लावला. झडपेची एक दोरी तुटली होती आणि गळती एका रात्रीत मध्यमाची तीव्र झाली होती. मामा वाचले. त्यांची झडप बदलावी लागली नाही. सर्जननी तीच शिवून काठाला कडं बसवलं. दुरुस्ती जमत असेल तर तीच बरी, कारण धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभराच्या.

उशा रचून बसल्याशिवाय श्वास येत नसेल, चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, धडधड थांबतच नसेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा हातातली ताकद गेली असेल, तर ओव्याची बरणी फडताळातच राहू द्या आणि दवाखाना गाठा. आणि पावलं सुजायला लागली किंवा नेहमीच्या जिन्याला धाप लागायला लागली, तर इकोची तारीख यायची वाट बघू नका.

उपाशीपोटी गरबा

नवरात्र संपलं की आमच्याकडे धडधडवाल्या मुलींची रांग लागते. दिवसभर उपवास, त्यावर चार कप चहा, मग तीन तास फेर. अंगातलं पाणी कमी झालं की खालचा कप्पा कमी भरतो आणि लहान होतो. पाकळ्या मात्र तेवढ्याच, म्हणून त्या जास्त फुगतात. डॉक्टर हेच वापरून तपासतात. उभं केलं की झडपेचा ‘टक्’ आवाज लवकर येतो, उकिडवं बसवलं की उशिरा. हा आवाज मायट्रलचाच, हे जोहान्सबर्गच्या डॉ. जॉन बार्लो यांनी १९६३ साली दाखवलं. माझा नेम साधा आहे: निघण्याआधी मोठा पेला मीठ घातलेलं ताक, आणि संध्याकाळनंतर चहा नाही. रक्तदाब असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा. फेरात कुणी कोसळलीच तर मात्र ताकावर भागवू नका. तपासणी होईपर्यंत गरबा बंद.

बाकीचं थोडक्यात. ईसीजी चांगला आला म्हणून झडप चांगली, असं होत नाही. अँजिओग्राफीचा हट्ट धरू नका, ती रक्तवाहिन्यांतले अडथळे दाखवते. शेजारणीची धडधडीची गोळी घेऊ नका, दम्याच्या माणसाला ती महागात पडते. आणि स्वतःची चालू असलेली गोळी एका दिवसात तोडू नका.

दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिन संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्यांसाठी असतं. नुसत्या प्रोलॅप्सला ते लागत नाही. दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यायची जुनी चालही अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ साली प्रोलॅप्सपुरती बंद केली. दात मात्र नीट घासा. गळती असताना ताप आठवडाभर हटत नसेल तर केमिस्टकडून गोळ्या आणून गिळू नका. रक्ताचं कल्चर आधी झालं पाहिजे. गोळ्या पोटात गेल्यावर जंतू सापडणं अवघड होतं.

शेवटचं, घाईवाल्यांसाठी. “ताई, रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो, बघून सांगा ना.” नका टाकू. कागदावर झडप हलत नाही. सीडी आणा, मागचे सगळे रिपोर्ट तारखेने लावून आणा, आणि छातीवर पावडर थापून येऊ नका.